चालकाचा ताबा नेमका कधी सुटतो?

‘चालकाचा ताबा सुटल्याने ट्रेलर उलटला.’ घाटातल्या अपघाताच्या बातमीत हे वाक्य ठरलेलेच असते. त्याच्या जोडीला आणखी एक येते, ‘ब्रेक निकामी झाल्याचा प्राथमिक अंदाज आहे.’ आपण बातमी वाचतो, हळहळतो आणि पान उलटतो.

डॉक्टर म्हणून मला या दोन वाक्यांमध्ये एक गाळलेली जागा दिसते. ताबा सुटला, पण कधी? त्या वळणावर? की आदल्या रात्री, कंटेनर भरण्याच्या रांगेत चालक पहाटेपर्यंत जागा राहिला तेव्हा? माझे मत स्पष्ट आहे. ट्रेलर ओढणाऱ्या गाडीत चालकाचे शरीर हा ब्रेकचाच एक भाग असतो. ब्रेकचे लायनर झिजले तर आपण बदलतो, हवेची नळी फुटली तर गाडी उभी करतो. शरीर झिजले, झोप संपली, तरी मात्र गाडी चालूच राहते. हे बदलायला हवे आणि त्याची जबाबदारी एकट्या चालकावर टाकून चालणार नाही.

हा लेख ट्रेलरचालकांसाठी आहे, त्यांच्या घरच्यांसाठी आहे आणि गाडीमालकांसाठीही आहे. ज्यांचा या व्यवसायाशी संबंध नाही त्यांनीही वाचावा, कारण घाटात त्या ट्रेलरच्या पुढे आपलीच गाडी असते.

ट्रेलर उतारावर काय करतो?

आधी थोडे गाडीविषयी, कारण त्याशिवाय शरीराचा मुद्दा कळणार नाही.

न्हावा शेव्याच्या बंदरातून कंटेनर घेऊन निघालेला ट्रेलर पनवेल, खोपोली करत बोरघाट चढतो, चाकण किंवा पुण्याकडे माल उतरवतो आणि पुन्हा भरून त्याच घाटाने खाली येतो. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. खोपोलीची उंची शंभर मीटरच्या आत. म्हणजे घाट उतरताना ५०० मीटरहून अधिक उंची कमी होते. माल धरून ४० टनांची गाडी इतकी खाली येते तेव्हा जी ऊर्जा मोकळी होते, ती साडेपाचशे लिटरहून अधिक पाणी उकळायला पुरेल एवढी असते. ही ऊर्जा कुठेतरी जिरवावीच लागते. थोडी हवेच्या विरोधात आणि टायरच्या घर्षणात जाते. बाकीची जिरवायला दोनच मोठ्या जागा उरतात, ब्रेक आणि इंजिन.

सगळा भार ब्रेकवर टाकला तर ड्रम आणि लायनर तापत जातात. ठराविक तापमानाच्या पुढे लायनरची पकड कमी होते. चालक पॅडल दाबतो, पण गाडी पूर्वीसारखी थांबत नाही. बातमीतला ‘ब्रेक निकामी’ हा प्रकार अनेकदा असा असतो. काही तुटलेले नसते, ब्रेक फक्त तापलेले असतात.

म्हणून जुने जाणते चालक सांगतात की गाडी गिअरमध्ये उतरवायची. खालचा गिअर टाकला की इंजिनच चाकांना मागे धरते, आणि एक्झॉस्ट ब्रेक लावला की हे धरणे आणखी घट्ट होते. मग पायाचा ब्रेक अधूनमधूनच लागतो.

यात एक अट आहे आणि ती फार महत्त्वाची आहे. खालचा गिअर उतार सुरू होण्याच्या आधी टाकायचा असतो. हाताने गिअर बदलायच्या अवजड गाडीत एकदा वेग वाढला की खालचा गिअर सहजासहजी बसत नाही. प्रयत्न केला आणि तो बसला नाही, तर गाडी न्यूट्रलमध्ये अडकते आणि इंजिनाचा आधार संपतो. त्यातच मागच्या ट्रेलरचे वजन पुढच्या भागाला ढकलत असते. घाबरून जोरात ब्रेक दाबला आणि पुढच्या भागाची चाके जाम झाली, तर ट्रेलर त्याला मागून ढकलतो आणि गाडी चाकूसारखी घडी पडून आडवी होते.

पुण्यात नवले पुलाच्या उतारावर नोव्हेंबर २०२२ मध्ये एका मालवाहू गाडीने चाळीसहून अधिक वाहनांना धडक दिली होती. तेव्हा आधी ब्रेक निकामी झाल्याची चर्चा झाली. पुढे तपासात गाडी उतारावर न्यूट्रलमध्ये सोडल्याची बाब समोर आली. डिझेल वाचवण्यासाठी असे करण्याची सवय अनेकांना असते. दोन पैसे वाचतात, पण अवजड गाडीचा निम्मा ब्रेक आपण आपल्या हाताने काढून टाकलेला असतो.

आता डॉक्टरी मुद्दा. घाट सुरक्षित उतरणे हे अर्धा मिनिट आधी घेतलेल्या निर्णयावर अवलंबून असते. झोप कमी पडलेल्या मेंदूची पहिली गळती नेमकी तिथेच होते. समोर आलेल्या गोष्टीला तो कसाबसा प्रतिसाद देतो, पण पुढे काय येणार याचा अंदाज घेऊन आधीच तयारी करणे त्याला जमत नाही.

सतरा तास जागरण म्हणजे किती दारू?

दारू पिऊन गाडी चालवणे गुन्हा आहे हे सगळ्यांना माहीत आहे. आपल्याकडची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल अशी आहे. जागरणाला अशी मर्यादा नाही आणि ते तपासायचे यंत्रही पोलिसांकडे नाही.

झोपेवरच्या अभ्यासांत जागरण आणि दारू यांची थेट तुलना झालेली आहे. सलग सतरा तास जागा राहिलेल्या माणसाची प्रतिक्रिया आणि लक्ष, रक्तात १०० मिलिलिटरमागे सुमारे ५० मिलिग्रॅम अल्कोहोल असलेल्या माणसाइतके मंदावते. चोवीस तास जागा राहिला तर हा आकडा १०० मिलिग्रॅमच्या आसपास जातो. म्हणजे सकाळी पाचला उठलेला आणि रात्री दहालाही स्टिअरिंगवर असलेला चालक, दारूचा थेंबही न घेता, आपल्या कायद्याच्या मर्यादेपलीकडच्या अवस्थेत असू शकतो.

“डॉक्टरसाहेब, मला झोप आली की कळतं. मी लगेच गाडी बाजूला घेतो,” असे चालक सांगतात. दुर्दैवाने हे खरे नसते. रोज सहा तासांवर झोप भागवणारा माणूस काही दिवसांनी स्वतःला ठीक समजू लागतो, पण चाचणीत त्याची कामगिरी दिवसेंदिवस घसरतच असते. झोपेने सगळ्यात आधी काय हिरावले जात असेल तर झोप आल्याचे भान.

यातूनच डुलकी लागते. तीन-चार सेकंदांची, कधी डोळे उघडे असतानाच. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते. चार सेकंदांत ६७ मीटर. चाळीस फुटी पाच कंटेनर एकापुढे एक ठेवले तरी हे अंतर भरत नाही. एवढे अंतर ती गाडी कोणीही चालवत नसते.

पहाटे दोन ते सहा आणि दुपारी दोन ते चार या वेळांत शरीराचे घड्याळ आपोआप झोपेकडे ओढते. या वेळेत काच खाली करणे, मोठ्याने गाणी लावणे, तोंडावर पाणी मारणे यांनी मिळते ती काही मिनिटांची उसनी जाग. मावा किंवा तंबाखूची गोळी दाढेखाली धरून रात्र काढणारे अनेक जण आहेत. त्यांचे तोंड हळूहळू कमी उघडू लागते, गालात पांढरे चट्टे येतात आणि पुढे कर्करोगाची वाट मोकळी होते. झोप घालवण्याची ही किंमत फार मोठी आहे.

गुडघा, कंबर आणि हादरे

ट्रेलरचालक माझ्यासमोर बसला की तक्रारींचा क्रम बहुधा ठरलेला असतो. आधी कंबर, मग डावा गुडघा, मग पोटातला गॅस. “डावा गुडघा धरतो, उजव्याला काही नाही,” असे कोणी म्हटले की मी त्यांचा व्यवसाय विचारतो.

डाव्या गुडघ्याचे कारण क्लच. घाटात आणि वाहतूक कोंडीत हाताने गिअर बदलायच्या गाडीत तो शेकडो वेळा दाबावा लागतो. प्रत्येक दाबाला गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडावर घासते आणि मांडीच्या स्नायूंवर ताण येतो. कोंडीत पाय क्लचवरच ठेवून बसण्याची सवय असेल तर स्नायूंना सुटीच मिळत नाही. त्यात क्लचप्लेट झिजते आणि गुडघाही. सीट फार मागे असेल तर पाय पूर्ण ताणून क्लच दाबावा लागतो. मग कमरेचा डावा भाग प्रत्येक वेळी पुढे सरकतो आणि मणका थोडा पिळला जातो.

कमरेचे दुसरे कारण हादरे. आपला मणका साधारणपणे सेकंदाला चार ते सहा वेळा बसणाऱ्या उभ्या हादऱ्यांना सर्वांत जास्त साथ देतो, म्हणजे तेवढ्या गतीचा हादरा शरीरात आणखी मोठा होतो. मालवाहू गाडीच्या सीटमधून येणारे बरेच हादरे याच टप्प्यातले असतात. मणक्यांमधल्या चकत्यांना थेट रक्तपुरवठा नसतो. हालचालीतून, दाब पडून आणि सुटून, त्यांना पोषण मिळते. आठ-दहा तास एकाच स्थितीत हादरे खात बसले की हे पोषण मंदावते आणि चकती थकते.

म्हणून एक साधी सूचना लक्षात ठेवा. गाडी थांबताच लगेच ताडपत्री ओढायला, दोर आवळायला किंवा स्टेपनी उचलायला जाऊ नका. पाच-दहा मिनिटे चाला, कंबर हलकेच मागे वाकवा, मग कामाला लागा. लांब ड्रायव्हिंगनंतर लगेच वजन उचलताना कंबर धरलेले रुग्ण आम्ही नेहमी पाहतो.

या दुखण्याचा रस्त्यावरच्या सुरक्षिततेशी संबंध आहे का? माझ्या मते नक्कीच आहे. ज्याचा गुडघा ठणकतो आहे त्याचा हात गिअरकडे उशिरा जातो. एक गिअर कमी बदलला तर तेवढाच आराम, असे शरीर न विचारता ठरवून टाकते. मग वरच्याच गिअरमध्ये, ब्रेक घासत घाट उतरवला जातो. पुढे काय होते ते आपण वर पाहिले.

धूर, साखर आणि औषधाची गोळी

डिझेलच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकले. रांगेत तासन्‌तास इंजिन चालू ठेवून उभ्या असलेल्या गाड्यांमध्ये चालक एकमेकांचा धूर घेत असतात. उभे असाल तर इंजिन बंद करा. बंद केबिनमध्ये स्टोव्ह किंवा शेगडी पेटवून झोपू नका. त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू दिसत नाही, त्याला वास येत नाही आणि तो झोपेतच जीव घेतो.

मधुमेह असलेले अनेक चालक गोळी वेळेवर घेतात, पण जेवण ढाबा येईल तेव्हा. काही गोळ्यांनी आणि इन्सुलिनने साखर अचानक खाली जाते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी, गोंधळ ही तिची लक्षणे. निघण्यापूर्वी साखर तपासा. ९० च्या खाली असेल तर काही खाल्ल्याशिवाय निघू नका. गाडीत हाताशी साखर किंवा ग्लुकोज ठेवा. लक्षण जाणवले तर आधी गाडी बाजूला, मग साखर तोंडात. साखर वर आल्यावरही पाऊण तास गाडी चालवू नका, कारण मेंदू सावरायला वेळ घेतो.

सर्दी, खोकला, अंगाची खाज यांवर मिळणाऱ्या काही गोळ्यांनी चांगलीच गुंगी येते. औषधाच्या दुकानात मागताना “मी गाडी चालवतो” हे पहिल्यांदा सांगा. आम्हा डॉक्टरांनीही चिठ्ठी लिहिण्याआधी हा प्रश्न विचारला पाहिजे. दहा सेकंदांचे काम आहे.

घोरणे हा तर थट्टेचा विषय होऊन बसला आहे. मोठ्याने घोरणे, झोपेत मधेच श्वास थांबणे, सकाळी डोके जड असणे आणि दिवसा पेंग येणे ही झोपेत श्वास अडकण्याच्या आजाराची लक्षणे आहेत. मानेचा घेर चाळीस सेंटिमीटरहून जास्त आणि रक्तदाबही असेल तर शंका आणखी वाढते. असा माणूस आठ तास आडवा पडला तरी त्याची झोप होत नाही. याला उपचार आहेत. वजन कमी करणे, कुशीवर झोपणे, आणि गरज असेल तिथे रात्री हवेच्या दाबाचे मशीन लावणे. घरातल्या बायकामाणसांना ही लक्षणे सर्वांत आधी दिसतात. वहिनी, ताई, यांचे घोरणे सहन करत बसू नका, त्यांना तपासायला घेऊन या.

मग जबाबदारी कोणाची?

‘चालकांनी काळजी घ्यावी’ एवढे लिहून थांबणे मला पटत नाही. ते सोपे आहे आणि अन्यायाचेही.

१९६१ सालच्या मोटार वाहतूक कामगार कायद्यातच दिवसाला आठ तास आणि आठवड्याला ४८ तास अशी कामाची मर्यादा घालून दिली गेली, आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती सांगितली गेली. म्हणजे चालकाला विश्रांती हवी हे आपल्याला साठ वर्षांपूर्वीच मान्य होते. प्रत्यक्षात भाडे ट्रिपवर मिळते. ट्रिप जितक्या जास्त, तितके घरी पैसे जास्त. या हिशोबात झोपेचा प्रत्येक तास चालकाच्या खिशातून जातो. अशा वेळी त्याला “झोप घेत जा” असे सांगणे म्हणजे उपाशी माणसाला “वेळेवर जेवा” असे सांगण्यासारखे आहे.

काही गाडीमालक म्हणतात, “आम्ही कुठे जबरदस्ती करतो? चालकच दुसरी ट्रिप मागतात.” ते खोटे बोलत नाहीत. पण ट्रिपमध्ये झोपेची वेळ धरलेलीच नसेल, माल पोहोचवण्याची वेळ घाटाचा आणि कोंडीचा विचार न करता ठरवलेली असेल, तर जबरदस्ती माणसाने केली काय आणि वेळापत्रकाने केली काय, परिणाम एकच. बंदरातल्या किंवा कारखान्याच्या दारातल्या रांगेत गेलेले तास विश्रांती म्हणून मोजणे तर साफ चूक आहे. दर दहा मिनिटांनी गाडी पुढे घ्यावी लागत असेल तर ती झोप नव्हे.

गाडीची योग्यता-तपासणी पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी होते. चालकाचे व्यावसायिक लायसन्स मात्र पाच वर्षांनी नूतनीकरणाला येते, आणि त्या वेळच्या वैद्यकीय दाखल्यात भर असतो तो डोळे, कान आणि हातपायांवर. घोरण्याविषयी त्यात प्रश्न नसतो. पाच वर्षांत साखर, रक्तदाब, वजन, झोप, सगळे बदलते.

१ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मालवाहू गाड्यांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली, हे चांगले पाऊल आहे. उन्हाळ्यात तापलेल्या केबिनमध्ये माणूस लवकर थकतो. पण रस्त्यावर जुन्या गाड्या अनेक वर्षे राहतील. आपोआप गिअर बदलणाऱ्या गाड्यांनी गुडघ्याचा त्रास नक्की कमी होईल. झोपेचा प्रश्न मात्र गिअरबॉक्सने सुटणार नाही. गार केबिनमध्ये, क्लच नसलेल्या गाडीत डुलकी उलट लवकर लागू शकते.

माझ्या मागण्या चारच आहेत. ट्रिपच्या वेळेत झोपेचे तास लिहून धरावेत आणि त्याचे पैसे द्यावेत. रांगेचे तास कामाचे मानावेत. चालकांची साखर, रक्तदाब, नजर आणि झोप यांची तपासणी दरवर्षी व्हावी आणि आजार निघाला तर काम काढून न घेता उपचार व्हावेत, नाहीतर कोणी आजार सांगणारच नाही. आणि महामार्गावर गाडी व माल सुरक्षित ठेवून निर्धास्त झोपता येईल अशा जागा वाढवाव्यात. डिझेल चोरीच्या भीतीने एक डोळा उघडा ठेवून झोपणाऱ्या माणसाला झोप लागत नाही.

चालकबंधूंनो, आजपासून एवढे करा

• सात तास झोप. एकसंध जमली नाही तर दोन तुकड्यांत घ्या, पण भरून काढा.
• पेंग आली तर सुरक्षित जागी गाडी लावा. आधी चहा घ्या, मग गजर लावून वीस मिनिटे पडा. चहाचा परिणाम व्हायला सुमारे अर्धा तास लागतो, तोवर डुलकी पूर्ण होते.
• दर दोन-तीन तासांनी खाली उतरा, चाला, पाणी प्या. लघवी तुंबवू नका आणि लघवी टाळण्यासाठी पाणी कमी पिऊ नका. मुतखड्याची सुरुवात तिथूनच होते.
• क्लच तळापर्यंत दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहील इतपत सीट पुढे घ्या. गिअर बदलून झाला की पाय क्लचवरून काढा.
• उताराच्या आधी खालचा गिअर टाका. न्यूट्रल कधीही नाही.
• पाय बधिर होणे, पायातली ताकद जाणे, लघवी-संडासवरचा ताबा जाणे, छातीत दुखणे यांपैकी काहीही झाले तर ट्रिप सोडा आणि थेट रुग्णालय गाठा.

पुढच्या वेळी ‘चालकाचा ताबा सुटला’ असे वाचाल तेव्हा एक प्रश्न मनात जरूर आणा. हा माणूस शेवटचा नीट झोपला कधी होता? हा प्रश्न बातमी लिहिणाऱ्यांनी, तपास करणाऱ्यांनी आणि भाडे ठरवणाऱ्यांनी विचारायला सुरुवात केली, तर काही ट्रेलर घाट सुखरूप उतरतील. आणि त्यांच्या पुढे चाललेली आपली माणसेही.